गरोदरपणात ‘ड’ जीवनसत्त्व कमी आले आहे : सवयी बदलून भागेल की औषध घ्यावेच लागेल?

कर्वेनगरकर

मला चौथा महिना संपत आला आहे आणि हे आमचे पहिलेच बाळ आहे. नेहमीच्या रक्ततपासणीबरोबर डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घेतले, तेव्हा त्याची पातळी ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी आली. त्यांनी ६०,००० युनिटची पावडर आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे घ्यायला सांगितली आहे. त्याशिवाय कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा आणि लोहाची गोळी एकदा, हे सुरूच आहे.

माझे काम संगणकावरचे असून आठवड्यातले बहुतेक दिवस मी घरूनच काम करते. टेबल मुद्दाम पूर्वेच्या खिडकीशी ठेवले आहे, त्यामुळे सकाळी दोन-अडीच तास काचेतून अंगावर ऊन येते. गरोदर राहण्यापूर्वी दुचाकीने ऑफिसला जात असे, पण पुण्यातल्या बहुतेक मुलींप्रमाणे तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट आणि हातात मोजे असत. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि माझे दूध चहापुरतेच असते.

सासूबाईंचे म्हणणे असे, की सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हात अर्धा तास बसले की औषधाची गरजच उरणार नाही. आई नाचणीचे सत्त्व आणि तिळाचे लाडू पाठवते आहे. यजमानांनी मात्र कुठेतरी वाचले, की दिवसाला ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, आणि ६०,००० हा आकडा पाहून ते घाबरले आहेत. रोज इतक्या वेळ ऊन अंगावर येत असूनही पातळी एवढी खाली का गेली, आता दिनक्रमात नेमके काय बदलावे, आणि एवढ्या मोठ्या मात्रेचे औषध बाळाला सुरक्षित आहे का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

निशिगंध

मी सोलापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमचे उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत, मी केवळ त्यामागची कारणे सांगू शकते.

आधी खिडकीबद्दल. आपल्या त्वचेत असलेल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यावर सूर्याचे ‘अतिनील ब’ किरण पडले की त्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, आणि हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेतून येतात ते ‘अतिनील अ’ किरण, आणि ते जीवनसत्त्व तर बनवत नाहीतच, उलट त्वचा काळवंडण्याला आणि गरोदरपणात गालांवर येणाऱ्या वांगाला हातभार लावतात. म्हणजे खिडकीशी बसून तुम्हाला ऊब मिळाली, उजेड मिळाला, पण या जीवनसत्त्वाच्या खात्यावर काहीच जमा झाले नाही. सनकोट आणि स्कार्फ यांचा परिणाम तुम्ही स्वतःच ओळखला आहे.

आता कोवळे ऊन. सासूबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे आणि सकाळची मोकळी हवा, फिरणे, झोपेची वेळ सुधारणे यांसाठी तो उत्तमच आहे. परंतु सकाळी सात वाजता सूर्य क्षितिजाजवळ असतो, त्याच्या किरणांना वातावरणाचा फार जाड थर ओलांडून यावे लागते आणि ‘अतिनील ब’ किरण त्या थरात, विशेषतः ओझोनमध्ये, शोषले जातात. तिरुपती येथे झालेल्या अभ्यासातही त्वचेतील ही प्रक्रिया सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात सर्वाधिक होते, असेच आढळले. यासाठी घड्याळापेक्षा सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर त्या उन्हात जीवनसत्त्व चांगले तयार होते, आणि ती लांब पडत असेल, तर फारसे होत नाही. पुण्यात सूर्य साडेबाराच्या आसपास माथ्यावर येतो. डिसेंबरात सावली अशी आखूड होण्याचा काळ फार थोडा असतो, तर एप्रिल-मे महिन्यांत तो सकाळी साडेनवाच्या सुमारासच सुरू होतो. त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी उभे राहण्याची काहीच गरज नाही. गरोदर स्त्रीने शरीर अति तापू देणे आणि पाणी कमी पडू देणे हे दोन्ही टाळायलाच हवे, आणि आमच्या सोलापूरच्या किंवा विदर्भाच्या मे महिन्यात तर दुपारच्या उन्हाचे नावही काढू नये.

किती मिनिटे बसावे, असा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि मी त्याचे ठराविक उत्तर देत नाही, कारण ते त्वचेच्या रंगावर, ऋतूवर, ढगांवर, हवेतल्या धुरावर आणि अंगाचा किती भाग उघडा आहे यावर अवलंबून असते. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हेच किरण शोषून घेते, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. चेहरा झाकून, हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून, त्वचा लाल होण्याच्या किंवा चुरचुरण्याच्या बऱ्याच आधी सावलीत यावे, एवढेच मी सांगते. चेहऱ्याचे क्षेत्रफळ तसेही थोडे असते आणि वांग तिथेच उमटतो, त्यामुळे त्याला टोपी किंवा पदर जरूर द्यावा. सोसायटीच्या गच्चीवर अकरा वाजता पोटऱ्या उघड्या ठेवून बसणे किती जणींना शक्य आहे, हा प्रश्न मला ठाऊक आहे. आपल्याकडे वर्षभर ऊन असूनही ही कमतरता इतकी सर्रास का आढळते, याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

तुमची पातळी ११ आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली १२ च्या खालची पातळी हाडांच्या दृष्टीने धोक्याची आणि २० ही जवळजवळ सर्वांना पुरेशी मानली होती. ११ वरून २० वर पोहोचण्यासाठी उन्हावर अवलंबून राहिले, तर पावसाळा, सुट्टी, उलट्या, कामाच्या बैठका यांत महिने निघून जातील, आणि गर्भाच्या हाडांत साठणाऱ्या सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियमपैकी बहुतांश भाग तर शेवटच्या तीन महिन्यांतच साठतो. म्हणून मी तुमच्या जागी औषध घेतले असते आणि सवयीही बदलल्या असत्या.

आता यजमानांची भीती. ४,००० युनिट ही मर्यादा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज, दीर्घकाळ घेण्यासाठीची आहे. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला सरासरी साडेआठ हजार युनिट होतात, आणि कमतरता भरून काढण्यासाठी थोड्या आठवड्यांपुरती ही मात्रा डॉक्टर देतात. धोका मात्रेत कमी आणि गोंधळात अधिक आहे. आठवड्याची पावडर चुकून रोज घेणे, आठ आठवड्यांनंतरही दुकानातून आणत राहणे, किंवा दोन डॉक्टरांची दोन औषधे एकाच वेळी घेणे, यांतून रक्तातील कॅल्शियम खूप वाढून बसते. त्याची लक्षणे म्हणजे मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान आणि वारंवार लघवी. गरोदर बाईला यांतले काय नसते, म्हणून ती सहज नजरेआड होतात. पावडरचा वार ठरवा आणि दिनदर्शिकेवर खूण करा. सहा लाख युनिटचे एकच मोठे इंजेक्शन घेऊन मोकळे व्हावे, असा सल्ला अजून काही ठिकाणी मिळतो. गरोदरपणात मी तो कधीही देत नाही.

वसुंधरा

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे आईंच्या डब्याविषयी लिहिते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तीळही त्यात समृद्ध आहेत, म्हणून सत्त्व आणि लाडू दोन्ही आनंदाने खावेत. पण त्यांत ‘ड’ जीवनसत्त्व नाही. कॅल्शियम म्हणजे विटा आणि ‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे त्या आत आणून देणारा गवंडी, असे मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सांगते, कारण दोन्ही एकच आहेत असा समज फार पक्का असतो.

शाकाहारात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. पिशवीवर निळ्या रंगातील ‘एफ’ आणि अधिकचे चिन्ह असलेले पोषणवर्धित दूध घेतले, तर त्यात लिटरमागे २०० ते ३०० युनिट असतात, म्हणजे एका पेल्यातून फार तर ६०. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली गरोदर स्त्रीसाठी दिवसाला ६०० युनिट ही गरज सांगितली आहे, हे पाहता केवळ दुधावर ती भागवायची, तर दहा पेले प्यावे लागतील. तरीही चहापुरत्या दुधाऐवजी एक पेला दूध आणि एक वाटी दही रोज घ्या, कारण प्रथिने आणि कॅल्शियम तरी मिळतील. उन्हात वाळवलेल्या अळिंबीत ‘ड’ जीवनसत्त्वाचा दुसरा प्रकार तयार होतो, परंतु त्याचे प्रमाण ऊन किती लागले त्यावर बदलते, म्हणून त्यावर हिशेब बांधू नये. जे मासे खातात त्यांच्यासाठी बांगडा आणि तारली उत्तम आहेत. मोरी मात्र गरोदरपणात टाळावी, कारण शार्कच्या मांसात पाऱ्याचे प्रमाण अधिक असते. अंड्याच्या एका बलकातून सुमारे ४० युनिट मिळतात.

पावडर रिकाम्या पोटी घेऊ नका. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आहे, त्यामुळे वरणभातावर तूप असलेल्या जेवणानंतर ते चांगले शोषले जाते. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या मात्र एकत्र घेऊ नयेत, त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाच्या गोळीच्या मागेपुढे चहा नकोच.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मुली हा धागा वाचत असतील, म्हणून थोडे लिहिते. इथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो, की दुपारी बारा वाजताही आपली सावली उंचीपेक्षा बरीच लांब पडते आणि त्या उन्हात हे जीवनसत्त्व तयारच होत नाही. राष्ट्रीय आरोग्यसेवा गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसाला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा सल्ला देते, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असे स्वतंत्रपणे सांगते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, हे गणित लक्षात ठेवले की भारतातून आणलेल्या आणि इथे घेतलेल्या बाटल्यांवरील आकडे जुळवता येतात. तपासणीचा अहवालही इथे नॅनोमोलमध्ये येतो, त्याला अडीचने भागले की आपल्याकडचा नॅनोग्रॅमचा आकडा मिळतो. माझ्या एका मैत्रिणीने २८ हा आकडा पाहून सुटकेचा निःश्वास टाकला होता, प्रत्यक्षात तिची पातळी कर्वेनगरकर यांच्याइतकीच होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरातली जुनी माणसे अजूनही कॉड माशाच्या यकृताचे तेल सुचवतात आणि त्यात ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर असते, हे खरेही आहे. पण त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे रेटिनॉल हे रूपही भरपूर असते आणि ते जास्त झाल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून इथल्या सुईणी गरोदरपणात ते तेल स्पष्टपणे बंद करायला सांगतात.

चिकित्सक

सर्व सल्ले वाचून माझा एक आक्षेप नोंदवतो. आपल्या आज्यांनी कोणतीही पावडर न घेता आठ-आठ मुले वाढवली, हा युक्तिवाद मी करणार नाही, कारण त्या आठांपैकी किती जगली हे त्या सांगत नसत. माझा आक्षेप पुराव्याचा आहे. ढाक्यात सुमारे १,३०० गरोदर स्त्रियांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत आठवड्याला ४,२०० पासून २८,००० युनिटपर्यंत मात्रा देऊनही बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना सर्व गरोदर स्त्रियांना हे जीवनसत्त्व सरसकट देण्याची शिफारस करत नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात पूर्वी गर्भकालीन मधुमेह आणि रक्तदाब यांवर फायदा दिसत होता, पण २०२४ च्या आवृत्तीत अनेक चाचण्या विश्वासार्हतेच्या कसोटीवर वगळल्यानंतर तो निष्कर्ष डळमळीत झाला. मग तपासणी प्रयोगशाळांचा आणि पावडर कंपन्यांचा धंदा याखेरीज यात काय उरते?

निशिगंध

चिकित्सक, आपले आकडे बरोबर आहेत आणि धंद्याविषयीची शंकाही निराधार नाही. निरोगी गर्भवतीची ही पातळी नेमाने तपासू नये, असे २०२४ साली एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनेही म्हटले आहे. मात्र त्याच मार्गदर्शनात गरोदरपणात हे जीवनसत्त्व पूरक म्हणून देण्याच्या बाजूनेच मत दिलेले आहे, एवढे आपण सांगायचे राहिले. आणि सर्वांना सरसकट द्यावे का, हा प्रश्न निराळा आणि जिची पातळी ११ आहे तिला द्यावे का, हा निराळा.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन, ऑक्सफर्ड आणि शेफील्ड येथे झालेल्या चाचणीत चौदाव्या आठवड्यापासून रोज १,००० युनिट दिले, तेव्हा सर्व बाळांचा एकत्र विचार करता हाडांच्या खनिजात फरक दिसला नाही, पण हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांत तो दिसला, म्हणजे ज्यांच्या आयांना उन्हाचा आधार नव्हता त्यांच्यातच. बाळाचा जन्मजात साठा पूर्णपणे आईच्या साठ्यावर अवलंबून असतो. आईची पातळी फारच खाली असली, तर कॅल्शियम कमी होऊन नवजात बाळाला झटके येऊ शकतात, आणि पुढे मुडदूस, म्हणजे हाडे मऊ राहून वाकण्याचा आजारही होऊ शकतो. मधुमेह टळेल, रक्तदाब टळेल, बाळ वजनदार होईल, अशी आश्वासने मी माझ्या रुग्णांना देत नाही. हाडे आणि कॅल्शियम एवढ्यासाठीच ते देते, आणि ते कारण मला पुरेसे वाटते.

माणदेशी

मी आरोग्य उपकेंद्रावर काम करते. आमच्याकडच्या बायका दिवसभर शेतात असतात, तरी डोक्यावर पदर, अंगात पुरुषी बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंत लुगडे असते, त्यामुळे ऊन भरपूर असले तरी त्वचेला थोडेच लागते. सरकारी केंद्रावर चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज मोफत मिळतात आणि प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० युनिट ‘ड’ जीवनसत्त्वही असते, हे पुष्कळ जणींना माहीत नसते. गोळी मोठी म्हणून किंवा पोट जड होते म्हणून ती घरातल्या डब्यातच पडून राहते. बाळंतपणानंतरही सहा महिने ती घ्यायची असते. सवयींचाच विषय निघाला आहे तर मशेरीचेही सांगते. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार-चार वेळा लावली जाणारी ही तंबाखूच आहे आणि तिच्यामुळे बाळाचे वजन कमी भरते. आमच्या भागात पावडर आणि ऊन यांच्याआधी मी तिच्याविषयी विचारते.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. माणदेशी ताईंचे वाचून मी घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटे टेबलावर मांडली. कॅल्शियमच्या गोळ्यांत मिळून ५०० युनिट आहेत, नणंदेने भेट दिलेल्या गरोदर स्त्रियांसाठीच्या प्रथिनांच्या भुकटीतही काही आहेत. आणि गेल्या वर्षी हात दुखत होता तेव्हा दिलेल्या कॅप्सूलही उरल्या आहेत, त्यांवर कॅल्सिट्रिऑल असे लिहिले आहे. त्या संपवून टाकाव्यात, असे घरात ठरत होते. त्या घेतल्या तर चालतील का? आणि बाळ झाल्यावर माझ्या दुधातून त्याला पुरेसे मिळेल का?

निशिगंध

त्या कॅप्सूल अजिबात घेऊ नका. तुमच्या पावडरमध्ये कोलेकॅल्सिफेरॉल आहे, त्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन शरीर आपल्या गरजेइतकेच क्रियाशील रूप बनवते. कॅल्सिट्रिऑल हे ते अंतिम, क्रियाशील रूपच आहे. गरोदरपणात शरीर ते स्वतःच दुप्पट-तिप्पट प्रमाणात तयार करत असते, शिवाय त्याने तुमचा साठा भरत नाही, कॅल्शियम मात्र झपाट्याने वाढू शकते. अल्फाकॅल्सिडॉल असे नाव दिसले तरी हेच लागू आहे. मूत्रपिंडाच्या किंवा पॅराथायरॉइडच्या विशिष्ट आजारांत ही औषधे लागतात, तुम्हाला तसा आजार नाही.

कॅल्शियमच्या गोळ्या पावडरबरोबर चालू ठेवायला हरकत नाही, पण भुकटीवरचा आकडा आणि कॅप्सूलचे पाकीट पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. फिट्सची किंवा क्षयरोगाची औषधे चालू असतील तर तेही आवर्जून सांगा, कारण त्यांतील काहींमुळे हे जीवनसत्त्व लवकर खर्ची पडते. आठ पाकिटे संपली की थांबायचे. पुन्हा तपासणी करायचीच असेल, तर ती सुरुवातीपासून तीन महिन्यांनी करावी, त्याआधी केलेल्या तपासणीतून स्थिर आकडा कळत नाही. काचेजवळचे टेबल हलवायची गरज नाही, मात्र अकराच्या चहाची वेळ बाल्कनीतल्या किंवा अंगणातल्या खऱ्या उन्हात घालवता आली तर पाहा. लोहाच्या गोळीची वेळ मात्र त्या चहापासून दूर ठेवा.

आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार थोडे उतरते, आईची पातळी चांगली असली तरीही. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना पहिल्या वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगते. हे थेंब वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळतात, काहींत एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, तर काहींत ८००, त्यामुळे शेजारणीच्या बाळाला एक मिलिलिटर देतात म्हणून आपणही तेवढेच द्यायचे असे करू नका. बाटली हातात आली की आधी तीव्रता वाचा आणि किती मिलिलिटर द्यायचे ते बालरोगतज्ज्ञांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या.